‘मानधन तत्त्वावर’: एका शब्दाचा सव्वाशे-दीडशे वर्षांचा हिशेब

पोस्ट लांब आहे. निवांत असाल तेव्हा वाचा, पण संस्थेत काम करणारं कुणी तुमच्या घरात असेल तर नक्की वाचा.

गेल्या महिन्यात आपल्याकडच्या दोन-तीन व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जाहिरात फिरली. एका सामाजिक संस्थेला गावपातळीवर काम करायला माणसं हवीत. एमएसडब्ल्यू असल्यास प्राधान्य. समाजकार्याची आवड आवश्यक, स्वतःची दुचाकी आवश्यक, चांगला कॅमेरा असलेला मोबाईल आवश्यक. आणि शेवटी तीन शब्द, ‘नेमणूक मानधन तत्त्वावर’. आकडा नाही. ग्रुपवर पन्नास-साठ पोरांनी नंबर मागितला, ‘सर, इंटरेस्टेड’ असं टाकलं, पण ‘किती देणार?’ असं एकानेही विचारलं नाही. पतसंस्थेच्या पिग्मी एजंटच्या जाहिरातीतसुद्धा कमिशनचा टक्का असतो हो! किराणा दुकानात पोऱ्या ठेवतानाही पहिला प्रश्न पैशाचा होतो. संस्थेतच तो का विचारवत नाही?

ही लाज कुठून आली, ते शोधायचं तर थोडं मागे, पुण्यात जावं लागतं.

१ जानेवारी १८८० ला विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं. टिळक सोबत होते, नामजोशी होते, पुढच्या वर्षी आगरकर आले. ही सगळी त्या काळची उच्चशिक्षित पोरं. बी. ए., एम. ए., एलएल. बी. झालेल्या माणसाला सरकारी नोकरी म्हणजे हात पुढे केला की फळ मिळावं अशी होती. चिपळूणकर तर सरकारी शाळेतली नोकरी सोडूनच आले. ‘आम्ही कमी पैशात शिकवू’ हा त्यांचा हट्ट होता आणि तो त्यांनी स्वतःहून धरलेला होता. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली, १८८५ ला फर्ग्युसन कॉलेज. तिथे ‘आजीव सदस्य’ नावाची पद्धत बसली. वीस वर्षं सेवा द्यायची आणि ठरलेल्या थोड्या पैशांत भागवायचं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी तिथे महिना ७५ रुपयांवर शिकवलं, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो.

पण या गोष्टीचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. याच माणसांमध्ये पैशावरून कडाक्याचं भांडण झालं. घर चालत नाही, पगार थोडा वाढवा, असं काहींचं म्हणणं. बाहेर पुस्तकं लिहून, दुसरी कामं करून कमाई केली तर काय बिघडलं, असंही म्हणणं. टिळक मात्र ताठ. जेझुइट पाद्री जसे सगळं वाहून घेतात तसं वाहून घ्या, बाहेरची कमाई नको, वेळही बाहेर द्यायचा नाही. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं तेव्हा ठिणगी पडली आणि १८९० मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले. आपण हा वाद ‘आधी राजकीय की आधी सामाजिक’ एवढ्यावर संपवतो. मला विचाराल तर महाराष्ट्रातल्या संस्थेतल्या माणसांचा पगारावरचा तो पहिला जाहीर वाद आहे. आणि एक बाब लक्षात घ्या: वाद घालणारे सगळे मालकही होते आणि कामगारही. कमी घ्यायचं की जास्त, हे ज्यांच्या पोटाला चिमटा बसणार होता तेच ठरवत होते. मताचा अधिकार आणि चिमटा एकाच माणसाकडे होता. आज जाहिरात वाचून फोन करणाऱ्या पोरांकडे त्यातला फक्त चिमटा येतो.

१२ जून १९०५ ला गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. सदस्याला सात शपथा घ्याव्या लागत आणि पाच वर्षं उमेदवारी करावी लागे. शपथांमध्ये एक अशी होती की समाज माझी आणि माझ्या कुटुंबाची जी व्यवस्था करू शकेल त्यात मी समाधान मानीन आणि स्वतःसाठी पैसे मिळवण्यात शक्ती घालवणार नाही.

ही शपथ नीट पाहा. सेवक म्हणतो, मी कमावणार नाही. पण त्याच वाक्यात संस्थेवरही बोजा आहे. व्यवस्था करायची आहे, आणि तीही एकट्याची नाही, कुटुंबाची. उद्या सेवक आजारी पडला, मेला, तर बायकापोरांचं काय, हा प्रश्न संस्थेचा. म्हणजे तो दोन्ही बाजूंनी बांधणारा करार होता. याच तोडग्यावर माणसं चालू नोकऱ्या सोडून आली. ठक्कर बाप्पा मुंबई महापालिकेत इंजिनिअर होते, ते १९१४ मध्ये आले आणि उरलेलं आयुष्य सेवेत घातलं. कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे ना. म. जोशी आले. त्यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली, गिरणगावात वाचनालयं, रात्रशाळा चालवल्या, आणि १९२० मध्ये आयटक उभी राहिली तेव्हा स्थापनेत ते होते. देशातल्या कामगार चळवळीचा पाया घालणाऱ्यांपैकी एक माणूस स्वतः एका संस्थेच्या तुटपुंज्या वेतनावर जगत होता. गिरणी कामगाराच्या पगाराची लढाई त्याने लढली. संस्थेत काम करणाऱ्याच्या पगारासाठी मात्र तशी युनियन तेव्हाही उभी राहिली नाही आणि नंतरही जवळपास नाहीच.

कारण शपथ घेणाऱ्याला युनियन लागत नाही, असं आपण मानलं. शपथ न घेतलेलेही संस्थेत काम करतात, हे राहून गेलं.

आता हिंगण्याला जाऊ. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. पुढे तो हिंगण्याच्या माळावर गेला. अण्णा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे आणि आश्रम ते शहर अशी पायपीट करायचे. १९०८ मध्ये त्यांनी निष्काम कर्ममठ काढला. नावातच सगळं आलं. कामाला आयुष्य द्यायचं, स्वतःची मिळकत ठेवायची नाही, मठ सांभाळेल.

पण आश्रम चालला कुणाच्या जिवावर? अण्णांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले. लहान वयात विधवा झालेल्या. बहिणीमुळे आश्रमात आल्या, शिकल्या, आणि मग आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरल्या. त्या काळी विधवा बाईने एकटीने परगावी जाऊन चारचौघांत उभं राहून भाषण करायचं आणि पैसे मागायचे! आज निधी उभारणी म्हणून वेगळी माणसं नेमतात, त्या कामाची ही खापरपणजी. १९१८ मध्ये त्या इंग्रजी शिकायला आणि संस्थेसाठी मदत मिळवायला अमेरिकेला गेल्या, तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. त्यांचं आत्मचरित्र आहे. ते वाचलं की ‘सेवाभाव’ या शब्दाच्या आत किती कष्ट आणि किती अपमान दडलेले असतात ते कळतं. त्यांची बहीण म्हणजे बाया कर्वे, अण्णांची दुसरी पत्नी. त्यांनीही ‘माझे पुराण’ लिहून ठेवलंय. थोर माणसाचा घरचा संसार कसा ओढाताणीत चालतो, हे बायकांनीच लिहिलं. पुरुषांची चरित्रं या प्रकरणावरून पटकन पुढे सरकतात.

साताऱ्याकडे तेच. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. सगळ्या जातीची पोरं एका पंगतीला. धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही गेलं. १९३० मध्ये त्या वारल्या. दर वर्षी आपण ही गोष्ट भाषणात सांगतो आणि टाळ्या घेतो. मला त्यात एक वेगळी गोष्ट दिसते. बोर्डिंगच्या ताळेबंदात जो खड्डा होता तो एका बाईच्या गळ्यातल्या सोन्याने बुजवला गेला. संस्था चालवण्याचा खर्च कुणीतरी देतच असतं, फक्त तो वहीत येत नाही. विठ्ठल रामजी शिंद्यांनी १९०६ मध्ये अस्पृश्यतानिवारणासाठी मिशन काढलं, तिथे त्यांच्या बहीण जनाक्का राबत होत्या. आपल्या किती जणांना जनाक्का माहीत आहेत?

पंडिता रमाबाईंचं सांगायचं तर ती या सगळ्याच्या आधीची कथा. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं ते बॉस्टनच्या लोकांनी दहा वर्षं मदत देऊ म्हटल्यावर. सोबत अट होती की तिथे धर्मप्रसार नको. देखरेखीला रानडे, भांडारकरांसारखे सल्लागार. चार वर्षांत धर्मांतराचा गवगवा झाला आणि सल्लागारांनी हात काढून घेतले. परदेशी पैसा, त्याच्या अटी, देखरेख समिती, वर्तमानपत्रातली आरडाओरड. आज टीव्हीवर चालणारी चर्चा तेव्हाच होऊन गेलीय.

कागदाचं म्हणाल तर संस्था नोंदणीचा कायदा १८६० चा आणि आपल्याकडचा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० चा. या दोन कायद्यांत विश्वस्त कोण, मालमत्ता कुणाची, हिशेब कधी द्यायचा, बदल कुठे कळवायचा हे सगळं आहे. ज्यांनी धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्टसाठी खेटे घातलेत त्यांना ते पाठ असेल. पण संस्थेत राबणाऱ्या माणसाला काय द्यायचं, याचं उत्तर शोधायला दुसरीकडे जावं लागतं.

स्वातंत्र्यानंतर एक मोठी गोष्ट घडली, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातली कळ तिथेच आहे. सरकारने संस्थांकडून चांगल्या कल्पना उचलल्या आणि त्यासोबत पैसे न देण्याची रीतही उचलली.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचा प्रयोग केला. पोरं शाळेत येत नाहीत तर शाळाच पोरांच्या अंगणात न्यायची, म्हणून अंगणवाडी. १९७५ मध्ये २ ऑक्टोबरला केंद्राची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. पण अंगणवाडी ताई ‘कर्मचारी’ झाली नाही. ती मानधनावरची सेविका झाली. तिकडे जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये आले. गावातल्या, बऱ्याचशा दलित आणि अक्षरओळखही नसलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. या बायका पगारी नोकर नव्हत्या, गावाने निवडलेल्या होत्या. बाळंतपणं, जुलाब, क्षय, सगळं त्या बघू लागल्या. जागतिक आरोग्य संघटनेने त्याची दखल घेतली. २००५ मध्ये देशात आशा कार्यकर्ती आली, तिच्यामागे अशाच प्रयोगांचा अनुभव होता. जामखेडच्या बाईमागे डॉक्टर दर आठवड्याला उभे होते, शिकवणं होतं, गावात पत होती. सरकारी योजनेत आशाताईला कामागणिक मोबदला आला आणि पत तिची तिने कमवायची. २००० मध्ये शिक्षणसेवक योजना आली. शिक्षक तोच, फळा तोच, पण पहिली तीन वर्षं मानधन. प्राथमिकचा आकडा ६ हजारांवर कितीतरी वर्षं अडकला होता, २०२३ मध्ये तो १६ हजार झाला. ‘सेवक’ हा शब्द गोखल्यांनी सन्मानाने घेतला होता. तो आता पगारपत्रकातला सगळ्यात खालचा रकाना झालाय.

आता आपल्या भागाकडे येतो.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणपती विसर्जनाची रात्र संपत होती आणि किल्लारी, सास्तूरच्या पट्ट्यात जमीन हादरली. जवळपास ८ हजार माणसं गेली. तेव्हा मी शाळकरी होतो. त्यानंतर आमच्या रस्त्यांवर ज्या जीपगाड्या दिसू लागल्या, त्यांच्या दारावर कधी न ऐकलेली नावं होती. त्याआधी बहात्तरच्या दुष्काळात बाहेरची मदत आली होती, ऐंशीच्या दशकात केंद्राच्या ‘कपार्ट’चा पैसा आला होता आणि त्या पैशासाठी लेटरहेडपुरत्या संस्थाही उगवल्या होत्या. पण भूकंपानंतर आलं ते वेगळंच होतं. देशातून, परदेशातून पैसा आला, जागतिक बँक आली, पन्नासेक गावं नव्या जागी वसवायची ठरली. या सगळ्याला गावात फिरणारी, लोकांशी मराठीत बोलणारी, याद्या करणारी माणसं हवी होती. बारावी झालेल्या, बी. ए. अर्धवट सुटलेल्या पोरापोरींना पहिल्यांदा ‘संस्थेत काम’ मिळालं. आमच्याकडे ‘प्रोजेक्ट’ हा शब्द तेव्हा रुळला. आजही इथे ‘तो कुठल्या प्रोजेक्टवर आहे?’ असं विचारतात, ‘कुठे नोकरीला आहे?’ असं नाही.

आणि प्रोजेक्ट संपतो. इथेच जुन्या आणि नव्या संस्थेत फरक पडला. गोखले किंवा कर्वे आयुष्यभराची भाषा करत होते. प्रोजेक्टची भाषा तीन वर्षांची. त्याग आयुष्यभराचा मागायचा आणि हमी ३१ मार्चपर्यंतची द्यायची, असं हे लग्न लागलं.

संस्थेतलं काम म्हणजे नक्की काय करतात, असं बऱ्याच जणांना वाटतं. मी पत्रकार म्हणून वीसेक वर्षं या लोकांबरोबर गावं फिरलोय. सकाळी नऊला ताई निघतात. पहिल्या गावात बचत गटाची बैठक, तिथे दोन बायकांचं भांडण मिटवायचं. दुसऱ्या गावात पोरीचं सोळाव्या वर्षी लग्न ठरलंय, बापाला समजवायचं, न ऐकल्यास ग्रामसेवकाला फोन. दुपारी तहसीलला एका विधवा बाईचा निराधार योजनेचा अर्ज, तिसऱ्यांदा. संध्याकाळी घरी आल्यावर भाकरी टाकायची, आणि मग दैनंदिनी, हजेरीपत्रक, व्हाउचर, फोटो. फोटोत बॅनर दिसलाच पाहिजे. ‘बॅनर नसलं की बैठक झालीच नाही असं धरतात’, एका कार्यकर्त्याने मला सांगितलं. हल्ली फोटोला जागेचे अक्षांश-रेखांश चिकटलेले लागतात. पेट्रोलचं बिल दोन-तीन महिन्यांनी निघतं, तोवर खिशातून. शिवाय एखाद्या बाईच्या आयुष्यात काय बदल झाला ते दीड पानात लिहून द्यायचं, त्याला ‘केस स्टोरी’ म्हणतात, आणि ती रडवणारी हवी.

मग लोक का करतात? हा प्रश्न मी अनेकांना विचारलाय. पोट भरत नाही हे तर आहेच. पण ताई गावात शिरल्या की ओट्यावरची म्हातारी पदर सावरून ‘ये गं बाई’ म्हणते, हातात चहा येतो, आणि ज्या पोरीचं लग्न थांबवलं ती चार वर्षांनी नर्सिंगला लागली की पेढा घेऊन दारात येते. हे कुठल्या दुकानात मिळत नाही. मी त्याची टिंगल करणार नाही. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारी माणसं आहेत म्हणून आमच्या तालुक्यातल्या कितीतरी गोष्टी चालल्यात. पण घरचं खायला घरात असावं लागतं ना. नवऱ्याची पक्की नोकरी किंवा बागायती शेती असेल तर मानधनावर समाजकार्य होतं. ज्यांच्या घरात हेच उत्पन्न आहे, त्यांना तिशीत लग्न आणि मूल झालं की संस्था सोडून विमा विकावा लागतो. चांगली पोरं अशीच गेली. एकाने मला सरळ सांगितलं, ‘समाजकार्य परवडत नाही हो साहेब आता.’

काही ठिकाणी तर याहून वाईट आहे. व्हाउचरवर सही एका आकड्यावर आणि हातात दुसराच आकडा. उरलेले ‘संस्थेला देणगी’. भविष्य निर्वाह निधीचा कायदा वीस किंवा जास्त माणसं असली की संस्थेलाही लागतो, म्हणून काहींना ‘सल्लागार’ करून टाकायचं. अकरा महिन्यांचं पत्र, एक महिना खंड, पुन्हा अकरा महिने. सगळ्या संस्था अशा नाहीत. वेळेवर पगार, विमा, निधी सगळं देणाऱ्याही माझ्या माहितीत आहेत. आणि लहान संस्थाचालकाची अडचण खरी आहे, तीही सांगतो. देणाऱ्याला विहीर दिसते, शाळेचा पत्रा दिसतो, त्यावर त्याचं नाव रंगवता येतं. विहिरीसाठी लोकांना एकत्र करणाऱ्या माणसाच्या पगारावर नाव रंगवता येत नाही, म्हणून त्याला तो ‘प्रशासकीय खर्च’ म्हणतो आणि नाक मुरडतो. २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के सामाजिक कामाला द्यावे लागतात, पण तो पैसा बहुतेक वर्षावर्षाचा. २०२० मध्ये परदेशी निधीचा कायदा बदलला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली आणि एका संस्थेने असा पैसा दुसरीला देणं बंद झालं. आमच्यासारख्या तालुक्यातल्या लहान संस्था मुंबई-पुण्याच्या मोठ्या संस्थांमार्फत चालायच्या. करोनाच्या त्या वर्षात त्यांची साखळीच तुटली. संस्थाचालकाने कार्यालयाचं भाडं वाचवलं, मग गाडी विकली, मग माणसं कमी केली.

शेवटी कोर्टाचं. कारण ‘मानधन मागू नये’ हे आपण मानतो, कोर्टाने तसं मानलेलं नाही.

२१ फेब्रुवारी १९७८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी बेंगळुरू पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात निकाल दिला. प्रमुख निकालपत्र न्या. कृष्ण अय्यरांचं. त्याचा सोपा अर्थ असा की मालकाचा हेतू नफ्याचा आहे की दानधर्माचा, यावर ‘उद्योग’ ठरत नाही. कामाला माणसं ठेवली आहेत का आणि काम संघटितपणे चालतं का, हे बघायचं. दान देणारा दानशूर असेल, पण पोटासाठी तिथे राबणारा माणूस काही दान करायला आलेला नसतो. जिथे माणसं खरोखर स्वेच्छेने, मोबदल्याशिवाय ध्येयासाठी काम करतात ती जागा वेगळी, हेही त्यांनी म्हटलं. म्हणजे आश्रम आणि ऑफिस यातली रेघ कोर्टाने ओढून दिली होती. १९८२ मध्ये संसदेने दुरुस्ती करून धर्मादाय, सामाजिक संस्थांना व्याख्येतून वगळलं, पण ती व्याख्या कधी अमलातच आणली नाही. चाळीस वर्षं हे असंच लटकत राहिलं.

२५ एप्रिल २०२२ ला न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांनी गुजरातच्या अंगणवाडी ताईंच्या खटल्यात सांगितलं की त्यांना ग्रॅच्युइटी लागू आहे, आणि त्यांना मिळणारं मानधन हे कायद्याच्या भाषेत वेतनच आहे. या एका वाक्यासाठी बायकांना किती वर्षं चपला झिजवाव्या लागल्या! निकाल आला म्हणून सगळं मिळालं असंही नाही. आपल्या राज्यातल्या अंगणवाडी ताईंना डिसेंबर २०२३ मध्ये संपावर जावं लागलं आणि तो दीड महिन्याहून जास्त चालला. त्या निदान संघटित आहेत, लाखांत आहेत. मुंबईत आझाद मैदानावर बसू शकतात.

संस्थांमधली माणसं विखुरलेली. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून जी नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, तिच्यात ‘उद्योग’ शब्दाच्या व्याख्येतून धर्मादाय, सामाजिक काम करणाऱ्यांच्या संस्था सरळ वगळल्या आहेत. १९८२ ला जे लटकलं होतं ते झालं. वेतनाच्या आणि सामाजिक सुरक्षेच्या संहिता वेगळ्या आहेत, तिथे दार बंद झालेलं नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण ‘आता काहीच मागता येणार नाही’ असं काही जण उगाच पसरवतायत.

मागच्या आठवड्यात एक ताई भेटायला आल्या. नाव, गाव, संस्था लिहित नाही. भूकंपानंतरच्या वर्षी बारावी पास असताना कामाला लागल्या, आता पन्नाशी ओलांडली. गुडघे गेलेत, दुचाकी चालवता येत नाही, म्हणून संस्थेने ‘आता विश्रांती घ्या’ म्हटलंय. पिशवीत एक प्लास्टिकची फाईल होती. सगळी नेमणूकपत्रं त्यांनी जपून ठेवली आहेत. सुरुवातीच्या पत्रात स्वयंसेविका, मग प्रेरिका, मग समन्वयक, शेवटच्या दोन-तीन पत्रांत सल्लागार. काम तेच, गावंही जवळपास तीच. प्रत्येक पत्र अकरा महिन्यांचं आणि प्रत्येकाची सुरुवात एकसारखी, ‘आपली मानधन तत्त्वावर नेमणूक करण्यात येत आहे’.

अंगणवाडीचा निकाल मला लागतो का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी वकील नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी कामगार खटले चालवणारे एक ओळखीचे आहेत, त्यांना कागद दाखवू म्हणालो. ताई जरा घुटमळल्या. म्हणाल्या, ‘दादा, पण त्यांना त्रास व्हायला नको. मोठे सर गेले, आता त्यांचा मुलगा बघतो. घरच्यासारखेच आहेत ते.’

फाईल सध्या माझ्याकडे आहे. सोमवारी वकिलांकडे जातोय.